हे आधी कुणाला सांगितलं होतं?

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका तालुक्याच्या गावात जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. बाहेर वर्तमानपत्रांची लांब टेबलं, आत देवघेवीचा कठडा आणि कठड्यामागे लोखंडी कपाटांच्या रांगा. तिथल्या ग्रंथपालबाईंना वाचकाच्या मागणीवरून त्याचा स्वभाव ओळखायची सवय झाली आहे. कादंबरी मागणाऱ्याला लेखकाचं नाव पाठ असतं. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना प्रकाशन, आवृत्ती, सगळंच ठाऊक असतं. अडतं ते तिसऱ्या प्रकारच्या मागणीपाशी. ‘मॅडम, मन जाग्यावर राहत नाही. सारखं मागचं नाहीतर पुढचं चालू असतं. त्याच्यावर काहीतरी द्या की.’ यात लेखक नाही, पुस्तकाचं नाव नाही आणि ‘काहीतरी’ देऊन भागतही नाही.

शिवाय हे ‘काहीतरी’ एका कपाटात सापडत नाही. ड्युईच्या दशांश वर्गीकरणात मनाला वळण लावणारी पुस्तकं 158 खाली जातात, पौर्वात्य तत्त्वज्ञान 181 खाली, बौद्ध धर्म 294.3 आणि हिंदू धर्म 294.5 खाली. वर्तमान क्षणात कसं जगावं हे सांगणारी पुस्तकं अशी चार ठिकाणी विखुरलेली. बाईंनी वर्गांक तसेच ठेवले, पण पुस्तकं उचलून कठड्याजवळच्या एका खणात आणून लावली. त्यानं शोधाशोध थांबली आणि निवडीची पंचाईत समोर आली. मलपृष्ठं वाचली तर सगळ्या पुस्तकांचा सूर एकच: गेलेलं गेलं, येणारं आलेलं नाही, हातात आहे ते आत्ता. मग शाळामास्तरला कुठलं द्यायचं, विधवा आजींना कुठलं आणि परीक्षेला बसलेल्या मुलीला कुठलं?

या प्रश्नावर बाईंनी स्वतःपुरती एक युक्ती बसवली. पुस्तक काय सांगतं हे बाजूला ठेवायचं आणि ते पहिल्यांदा कुणाला सांगितलं होतं एवढंच बघायचं. कारण या खणातली फारच थोडी पुस्तकं ‘आता एक पुस्तक लिहू’ म्हणून लिहिलेली आहेत. कुणाचं मुळात पत्र होतं, कुणाची प्रवचनं, कुणाची प्रश्नोत्तरं, तर कुणाची खाजगी टिपणं. समोर कुणीतरी एक माणूस होता, त्याची एक नड होती आणि बोलणं त्या नडीला धरून चाललं होतं. त्या पहिल्या श्रोत्यासारखा वाचक गाठला की पुस्तक लागू पडायची शक्यता वाढते.

खणातलं सर्वांत जास्त फिरलेलं पुस्तक म्हणजे एकहार्ट टोल यांचं ‘द पॉवर ऑफ नाऊ’. मूळ इंग्रजी आहे, मराठी अनुवादही मिळतो. मागच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेली तारीख-चिठ्ठी जांभळ्या शिक्क्यांनी भरली की नवी चिकटवायची, असं या प्रतीच्या बाबतीत अनेकदा झालं. पण चिठ्ठीइतकीच पानंही बोलतात. वाचकांनी मारलेल्या पेन्सिलीच्या रेघा पहिल्या दोन प्रकरणांत गर्दी करतात, तिसऱ्यात विरळ होतात आणि पुढची पानं कोरी करकरीत. लोक नेतात हौसेनं, पण निम्म्यात सोडतात.

याचं कारणही पुस्तकाच्या जन्मातच सापडतं. टोल जर्मनीत 1948 मध्ये जन्मले. लंडनला असताना, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, दीर्घ नैराश्यातून अचानक बाहेर पडल्याचा अनुभव ते सांगतात. पुढे लोक त्यांना भेटायला येऊ लागले, प्रश्न विचारू लागले. त्या प्रश्नोत्तरांतून हे पुस्तक उभं राहिलं. 1997 मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरला त्याची पहिली आवृत्ती निघाली ती 3000 प्रतींची. ओप्रा विन्फ्रे यांनी त्याची वाखाणणी केल्यावर ते जगभर गेलं. म्हणजे मुळातले श्रोते कोण, तर प्रश्न घेऊन समोर बसलेले आणि उत्तर ऐकून थोडा वेळ गप्प राहायची तयारी असलेले लोक. म्हणूनच पुस्तकात ठिकठिकाणी एक छोटं चिन्ह छापलेलं आहे. ते आलं की वाचन थांबवायचं, वाचलेलं आत उतरू द्यायचं, असं लेखकानं सुरुवातीलाच सांगून ठेवलंय. चौदा दिवसांत पुस्तक परत करायच्या घाईत असलेला वाचक त्या चिन्हावर थांबत नाही, सरळ पुढे जातो. आता हे पुस्तक देताना बाई ते चिन्ह बोट ठेवून दाखवतात आणि म्हणतात, ‘मुदत वाढवून देईन, पण इथं थांबायचं.’

या युक्तीचा कस लागला तो एका परिचारिकेच्या बाबतीत. ग्रामीण रुग्णालयातल्या या सिस्टर रात्रपाळी संपवून सकाळी वाचनालयात यायच्या. झोप येत नाही, वॉर्डातलं सगळं डोळ्यांसमोर फिरत राहतं, अशी त्यांची तक्रार. बाईंनी त्यांना जॉन कबाट-झिन यांचं ‘फुल कॅटॅस्ट्रॉफी लिव्हिंग’ दिलं. गावातल्या एकांच्या अमेरिकेतल्या मुलानं भेट म्हणून पाठवलेली प्रत होती. कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात आठ आठवड्यांचा एक अभ्यासक्रम सुरू केला. जुनाट दुखण्यानं गांजलेले, औषधांनी फारसा उतार न पडलेले रुग्ण तिथले डॉक्टर त्यांच्याकडे पाठवायचे. एक बेदाणा सावकाश, पूर्ण लक्ष देऊन खाणं, आडवं पडून पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत शरीरावर लक्ष फिरवणं, असे तिथले धडे. त्यावरचं हे पुस्तक 1990 मध्ये आलं. दवाखान्यातलं पुस्तक दवाखान्यातल्या माणसाला, असा बाईंचा हिशेब.

सिस्टरनी ते आठवड्यात परत आणलं. ‘मॅडम, चांगलं आहे. पण हे पेशंटसाठी आहे हो. रोज पाऊण तास पडून राहायचं म्हणतात. माझ्याकडे पाऊण तास असता तर मी झोपलेच असते. जी माणसं दुसऱ्यांचं करतात त्यांच्यासाठी काही आहे का?’

होतं. व्हिएतनामी भिक्खू थिच न्हात हान यांचं ‘द मिरॅकल ऑफ माइंडफुलनेस’. हे मुळात पुस्तक नव्हतंच. 1960च्या दशकात, युद्ध चालू असताना, त्यांनी व्हिएतनाममध्ये तरुणांची एक समाजसेवा शाळा उभी केली होती. बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेली गावं पुन्हा वसवायची, दवाखाने आणि शाळा चालवायच्या, हे त्या तरुणांचं काम. दोन्ही बाजू त्यांच्याकडे संशयानं बघायच्या. काही कार्यकर्ते मारले गेले. न्हात हान तेव्हा देशाबाहेर, परतीचे दोर कापलेले. त्या अवस्थेत त्यांनी शाळेच्या एका प्रमुख कार्यकर्त्याला फ्रान्सहून लांबलचक पत्र लिहिलं. त्याचंच 1975 मध्ये इंग्रजी पुस्तक झालं. भांडी घासताना भांडीच घासायची, संत्र्याची फोड तोंडात असताना पुढची फोड सोलायच्या मागे लागायचं नाही, चालताना श्वास मोजायचा, असल्या साध्या गोष्टी त्यात आहेत. वेगळा वेळ काढा असा आग्रह थोडा, चाललेल्या कामातच कसं राहायचं यावर भर जास्त. ज्यांना आज रात्री कुणाचं तरी प्रेत उचलावं लागेल आणि उद्या सकाळी पुन्हा शाळा भरवावी लागेल अशांना ते लिहिलेलं आहे, हे कळलं की भांड्यांचं उदाहरण बाळबोध वाटत नाही. इंग्रजी सोपं, वाक्यं आखूड. सिस्टरनी ते ठेवून घेतलं आणि दोनदा मुदत वाढवून नेलं. इंजेक्शनची ट्रे भरताना हल्ली आपण ट्रेच भरतो, असं त्या हसत सांगतात. झोपेचं काय झालं, ते बाईंनी विचारलं नाही.

जवळच्या मातीतली पुस्तकंही या खणात आहेत आणि त्यांचे वाचक निराळे. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टरकाका रोज वर्तमानपत्र वाचायला येतात. त्यांना बाईंनी गोंदवलेकर महाराजांची प्रवचनं दिली. गोंदवले याच भागातलं, माण तालुक्यातलं. प्रापंचिक माणसांना केलेला हा उपदेश गो. सी. गोखले यांनी वर्षाच्या तारखांप्रमाणे लावून ठेवला आहे. प्रत्येक तारखेला एक पान. प्रपंचातली काळजी हा त्यात पुन्हा पुन्हा येणारा विषय. आजचं पान आज वाचायचं आणि पुस्तक मिटायचं, अशी त्याची घडणच आहे. काका आठवड्यानं आले ते विजयी मुद्रेनं. ‘मॅडम, डिसेंबर झाला!’

तारीखवार पुस्तक पंधरवड्याच्या देवघेवीत बसत नाही, हे बाईंच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी ती प्रत देवघेवीतून काढली आणि वर्तमानपत्रांच्या टेबलाच्या कडेला एका लाकडी घडवंचीवर उघडी ठेवली. शिपाईमामा सकाळी वर्तमानपत्रं लावतानाच त्या दिवसाचं पान उघडतात. काका आता आधी ते पान वाचतात, मग राशिभविष्य, मग क्रिकेट.

विनोबांच्या ‘गीता प्रवचने’ची गंमत अशी की त्यालाही वेळापत्रक आहे. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलत. 21 फेब्रुवारीला सुरुवात झाली आणि 19 जूनला अठरावा अध्याय संपला. सानेगुरुजींनी ते सगळं उतरवून घेतलं. समोर बसलेले सत्याग्रही कैदी. सुटका कधी होईल याचा विचार करून काही हाती लागत नाही, आणि वेळ तर ढिगानं पडलाय. म्हणूनच की काय, नोकरीच्या ऑर्डरची वाट बघत घरी बसलेल्यांना किंवा पाय प्लास्टरमध्ये असलेल्यांना हे पुस्तक चांगलं लागतं. बाई सुचवतात, आठवड्याला एकच अध्याय, रविवारी. कुणी ऐकतं, कुणी नाही.

मारुती शिवरामपंत कांबळी, म्हणजेच निसर्गदत्त महाराज, यांचं पुस्तक मात्र त्या सांभाळून देतात. महाराजांचं विड्यांचं दुकान मुंबईत, आणि खेतवाडीतल्या घराच्या पोटमाळ्यावर त्यांचा रोजचा सत्संग. देशोदेशीचे लोक येत, महाराज मराठीत बोलत, कुणीतरी इंग्रजीत सांगे. ध्वनिफितींवरून मॉरिस फ्रीडमन यांनी त्या संवादांचं इंग्रजी केलं आणि 1973 मध्ये मुंबईच्या ‘चेतना’नं ‘आय अ‍ॅम दॅट’ छापलं. एकशे एक संवाद, आणि बहुतेक प्रश्नकर्ते आधीच बरंच फिरून, वाचून, साधना करून आलेले. महाराज त्यांचे प्रश्न सोडवत बसत नाहीत, प्रश्न विचारणारा कोण ते बघ म्हणतात. ज्याला परवा मुलीच्या लग्नाचा हॉल मिळत नाही म्हणून झोप लागेना, त्याला हे दिलं तर तो भांबावतो. खूप वाचून झालेल्या, आता कुठल्याच पुस्तकानं समाधान न होणाऱ्या माणसाला ते धरून ठेवतं.

इथल्या वाचकांना या पुस्तकाकडे ओढून नेणारी दुसरीच एक वाट आहे. हे फ्रीडमन म्हणजे पोलंडचे इंजिनिअर, गांधीजींच्या वर्तुळातले. औंध संस्थानात ग्रामस्वराज्याचा जो प्रयोग झाला, 1939 मध्ये प्रजेला सत्ता देणारी जी राज्यघटना आली, तिच्यामागच्या लोकांत ते होते. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर या खुल्या तुरुंगाच्या उभारणीतही त्यांचा हात होता. ज्यावरून ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट सुचला, तेच हे स्वतंत्रपूर. औंधकडचे वाचक हे ऐकून पुस्तक हातात घेतात. मग पाच-सहा पानं उलटून पुष्कळसे परत ठेवतात. बाई आग्रह करत नाहीत.

स्पर्धा परीक्षेची मुलं या खणाकडे निराळ्याच कारणानं वळतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत 2013 पासून नीतिशास्त्राचा पेपर आला, तेव्हापासून रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस यांच्या ‘मेडिटेशन्स’ची विचारणा होते. हाती असलेलं काम शेवटचंच आहे असं समजून नीट करावं, असा सूर त्यात सतत लागतो. पण याचा पहिला श्रोता कोण? खुद्द मार्कस. डॅन्यूब नदीकाठच्या लष्करी छावणीत, स्वतःला बजावायला म्हणून ग्रीक भाषेत लिहिलेली ही टिपणं आहेत. छापायचा विचार नाही, म्हणून रचना नाही. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा येते. एका मुलीनं तक्रार केली, ‘यात नोट्स काढण्यासारखं काही सलग नाहीच.’ बाईंनी तिला सुचवलं, नोट्स काढू नकोस, याच्यासारखी स्वतःची वही कर. अभ्यासिकेत तिच्या जागेवर आता दोन वह्या असतात. दुसरीत काय आहे ते तिनं दाखवलेलं नाही.

काही वेळा मात्र पुस्तक द्यायचंच नसतं. एक तरुण सलग काही दिवस येऊन याच खणापुढे उभा राहायचा. पुस्तक काढायचा, उघडायचा, ठेवून द्यायचा. जेवण जात नाही, कशातच काही उरलं नाही असं वाटतं, एवढं तो बोलला. बाईंनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि 14416 हा नंबर लिहून दिला. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं. नंबर फिरवेपर्यंत त्या शेजारी बसून राहिल्या. ‘क्षणात जगा’ हे वाक्य अशा माणसाच्या हातात ठेवणं म्हणजे ताप चढलेल्याला थंडीवरचं व्याख्यान देणं, असं त्या नंतर सहकाऱ्याला म्हणाल्या. त्या दिवसापासून तो नंबर खणाच्या कडेला मोठ्या अक्षरात चिकटवलेला आहे.

खणातली विपश्यनेची पुस्तकं नेणारे पुष्कळदा इगतपुरीला जायच्या तयारीत असतात. सत्यनारायण गोएंका 1969 मध्ये म्यानमारहून भारतात आले आणि 1976 मध्ये इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र सुरू झालं. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरात मौन असतं, फोन जमा करावा लागतो आणि वाचायला-लिहायलाही मनाई असते. पहिले तीन दिवस तर नुसता येणारा-जाणारा श्वास बघायचा. त्यामुळे तिथं जाण्याआधी लोक सगळी पुस्तकं परत करून जातात. परत आल्यावर त्यांतले काही विल्यम हार्ट यांचं ‘द आर्ट ऑफ लिव्हिंग’ मागतात. गोएंकांच्या शिकवणुकीवरचं हे पुस्तक 1987 चं. शिबिर करून आलेल्याला ते पटकन कळतं, हे बाईंनी पाहिलंय. इतरांनी नेलेली प्रत बहुधा मुदतीआधीच परत येते.

खरेदीची वेळ आली की बाई पुण्याला अप्पा बळवंत चौकात जातात. तिथं उभ्या उभ्या पुस्तक पारखायची त्यांची पद्धत ठरलेली आहे. आधी प्रस्तावना: हे बोललेलं आहे की लिहिलेलं, आणि कुणापुढे, ते कळतंय का? मग अनुवादकाचं नाव. ते नसेल तर पुस्तक परत. मग मधलंच एक पान काढून मनातल्या मनात मोठ्यानं वाचायचं. मुळात बोललेलं पुस्तक कानाला लागलं पाहिजे. वाक्यागणिक ‘जाणीव’, ‘अस्तित्व’, ‘ऊर्जा’ असे शब्द येऊन आदळत असतील तर अनुवादकालाच अर्थ लागलेला नाही, असं त्या धरून चालतात. शेवटी अक्षराचा आकार, कारण या खणाचे निम्मे वाचक साठीपुढचे. रस्त्यावरच्या स्वस्त प्रती त्या घेत नाहीत. तिरपी छपाई, पुसट पानं, कधी मधला फॉर्मच गायब. आणि चोरीचा माल वाचनालयाच्या दाखल नोंदवहीत चढवायचा कसा?

यंदाच्या ग्रंथनिवड समितीपुढे त्यांनी यादी ठेवली, तिच्यात किमतीच्या शेजारी एक जादा रकाना होता: ‘मुळात कोणासाठी’. समितीतले निवृत्त मुख्याध्यापक दासबोधाचे नित्य वाचक. त्यांनी चष्म्यावरून पाहत हरकत घेतली. ग्रंथ कशाला म्हणावं हे समर्थांनी सातव्या दशकाच्या नवव्या समासात सांगून ठेवलंय. ज्यानं पश्चात्ताप होतो, गर्व उतरतो, भक्ती वाढते तो ग्रंथ. मग हा नवा रकाना कशाला? बाईंचं म्हणणं, ती परीक्षा वाचून झाल्यावरची आहे गुरुजी, मला तर वाचायच्या आधी निवडावं लागतं. गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. मग तेच म्हणाले की दासबोधाचा पहिला समास सुरू होतो तोच श्रोत्यांच्या प्रश्नानं, हा ग्रंथ कोणता आणि ऐकून काय मिळणार. आणि परंपरा सांगते की शिवथरच्या घळीत समर्थ सांगत होते आणि कल्याणस्वामी लिहून घेत होते. ‘म्हणजे तुमच्या रकान्यात कल्याणस्वामींचं नाव येईल. लिहा.’

यादीतली दोन चकचकीत पुस्तकं मात्र अडली. त्यांच्या रकान्यात बाईंनी काहीच लिहिलं नव्हतं. खजिनदारांनी कारण विचारलं. ‘प्रस्तावना दोनदा वाचली, कुणाशी बोलतायत तेच कळलं नाही,’ बाई म्हणाल्या. ‘जो विकत घेईल त्याच्याशी,’ असं खजिनदारच बोलले आणि त्यांनी ती दोन नावं खोडली. उरलेल्या पैशांत ‘गीता प्रवचने’च्या मोठ्या टायपातल्या दोन प्रती बसल्या. जे. कृष्णमूर्तींच्या ‘कॉमेंटरीज ऑन लिव्हिंग’चे तीन खंड अनुदानाच्या पुढच्या हप्त्यावर गेले. त्यांच्याकडे येणाऱ्या माणसांची नावं त्या पुस्तकांत नाहीत, पण प्रत्येकाचं दुखणं सविस्तर आहे, म्हणून बाईंनी त्या खंडांपुढचा रकाना पुरा भरून वर समासातही लिहिलं होतं. मागणी वहीत त्या खंडांसाठी पहिलं नाव रात्रपाळीच्या सिस्टरचं आहे आणि त्याखाली, कुणी सांगितलं कोण जाणे, कंडक्टरकाकांचं.